आरशातले आपण आणि लोकांना दिसणारे आपण

ओळखपत्रासाठी फोटो काढायची वेळ आली, की पालघर-बोईसरच्या स्टुडिओंतून एक वाक्य हमखास ऐकू येते : "हा फोटो माझ्यासारखा आलाच नाही !" शेजारचा मित्र मात्र म्हणतो, "अरे, अगदी तूच आहेस की !" मग खरे कोणाचे ?

दोघांचेही ! आपला चेहरा आपल्याला प्रत्यक्ष कधीच दिसत नाही. रोज दिसते ती आरशातली प्रतिमा. तुम्ही डावीकडे भांग पाडत असाल, तर आरशात तो तुमच्या डाव्या हातालाच दिसतो. समोर उभ्या राहिलेल्या मित्राला मात्र तो त्याच्या उजव्या हाताला दिसतो. फोटोतही तसेच होते. शिवाय कोणाच्याही चेहऱ्याच्या दोन बाजू तंतोतंत सारख्या नसतात. एखादी भुवई किंचित वर असते, हसताना ओठाचा एक कोपरा अधिक उचलला जातो. बाजू बदलल्या, की हे बारीक फरक आपल्याला एकदम खटकतात.

१९७७ साली मीटा, डर्मर व नाइट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी याचा पडताळा घेतला. त्यांनी विद्यार्थिनींच्या फोटोंच्या दोन-दोन प्रती काढल्या : एक सरळ, दुसरी आरशातल्यासारखी उलटी. विद्यार्थिनींचा कल स्वतःच्या उलट्या प्रतीकडे, तर त्यांच्या मैत्रिणींचा सरळ प्रतीकडे दिसला. जे रूप सवयीचे, तेच आवडीचे !

लोकांना दिसणारा चेहरा तुम्हालाही पाहता येईल. दोन सपाट आरसे उघड्या पुस्तकासारखे, एकमेकांशी ९० अंशांचा कोन करून उभे ठेवा आणि मधल्या सांध्याकडे पाहा. प्रकाशाचे दोनदा परावर्तन झाल्याने ही प्रतिमा उलटी राहत नाही. आता केस विंचरून पाहा. हात कसा चुकतो, ते लगेच कळेल !

आवाजाचीही हीच कथा. आपण बोलतो तेव्हा ध्वनी हवेतून आपल्या कानांत येतो. शिवाय स्वरयंत्राची कंपने कवटीच्या हाडांतून थेट आंतरकर्णापर्यंत पोचतात. हाडांमार्गे येणारा हा ध्वनी आपल्या आवाजाला जादा भरदारपणा देतो. ध्वनिमुद्रणात फक्त हवेतला ध्वनी उतरतो, म्हणून तो आवाज आपल्याला पातळ आणि परका वाटतो. दोन्ही कान बोटांनी बंद करून गुणगुणा. आतला आवाज किती मोठा असतो, ते समजेल.

हा फरक माणसांपुरताच नाही. तारापूर म्हटले, की देशाला १९६९ साली सुरू झालेले भारतातले पहिले अणुवीज केंद्र आठवते. तारापूर-चिंचणीच्या रहिवाशाला मात्र आपला समुद्रकिनारा आणि १७३९ साली मराठ्यांनी जिंकलेला किल्लाही आठवतो. दोन्ही चित्रे खरी, पण एकटे कोणतेच पुरे नाही.

तेव्हा वक्तृत्व स्पर्धेतले स्वतःचे ध्वनिमुद्रण ऐकून खट्टू होऊ नका, की फोटो पाहून तोंड लपवू नका. तुम्हाला आज परका वाटणारा तो आवाज आणि तो चेहरा तुमच्या मित्रांच्या रोजच्या ओळखीचा आहे. त्यांनी मैत्री केली ती त्याच्याशीच!