पोच आणि पाचपोच

व्यापाऱ्याला ‘पोच’ हा शब्द नवा नाही. माल मिळाला की पोच द्यावयाची, रक्कम मिळाली की पोचपावती करावयाची. हाच शब्द मराठीने माणसाच्या समजुतीलाही लावला आहे. ‘त्याला पोच नाही’ किंवा ‘काही पाचपोच आहे की नाही?’ असे म्हटले जाते, तेव्हा कोणत्या प्रसंगी, कोणासमोर काय बोलावे आणि काय टाळावे, ही जाण अभिप्रेत असते.

जवळच्या शब्दांपासून याचा अर्थ वेगळा आहे. उर्मट मनुष्य जाणूनबुजून दुसऱ्याचा मान दुखावतो. आगाऊ मनुष्य अधिकार नसताना मध्ये पडतो. पाचपोच नसलेल्याच्या मनात मात्र बहुधा दुष्ट हेतू नसतो. पुष्कळदा तो खरेच बोलत असतो. फक्त ती वेळ आणि ती जागा त्या बोलण्याची नसते. अशा कृतीला ग्रांथिक मराठीत ‘औचित्यभंग’ म्हणतात. सभेच्या वृत्तांतात तो शब्द शोभतो; घरात आणि दुकानात ‘पाचपोच’च चालतो, तोही बहुतेक नकारार्थी किंवा प्रश्नार्थक वाक्यात.

या जाणिवेची कसोटी नायगावसारख्या वस्तीत रोज लागत आली. येथील बी. डी. डी. चाळींच्या मूळच्या 42 इमारती 1920 च्या दशकातल्या होत्या. तळमजला आणि वर तीन मजले, सुमारे 160 चौरस फुटांची खोली आणि सामाईक मार्गिका. एका खोलीतला शब्द शेजारी ऐकू जाणारच. गिरणगावातील पुष्कळ संसार महिन्याच्या पगारावर आणि वाण्याच्या उधारीवर चालत. 18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांचे पगार थांबले आणि वहीतली बाकी वाढत गेली.

अशा दिवसांत गल्ल्यावर बसलेल्याने चार गिऱ्हाइकांदेखत एखाद्या गृहिणीला म्हणावे, ‘वहिनी, आधी मागची बाकी द्या.’ आकडा खरा, मागणी रास्त, तरी ते बोलणे अनुचित. गर्दी ओसरल्यावर हलक्या आवाजात तेच सांगितले, तर वसुलीचा हक्कही राहतो आणि त्या घराची अब्रूही. उधार देणाऱ्याच्या हाती केवळ पैसा नसतो. दुसऱ्याच्या अडचणीची माहितीही असते. ती एक प्रकारची ठेवच होय.

जैन आचारशास्त्राने या दोषाचा विचार अधिक बारकाईने केला आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अनर्थदंडविरती व्रताच्या अतिचारांत ‘मौखर्य’ गणले आहे. मौखर्य म्हणजे धिटाईने केलेली असंबद्ध बडबड. सत्यव्रताच्या अतिचारांत ‘साकारमंत्रभेद’ येतो : दुसऱ्याच्या हावभावांवरून त्याच्या मनातले ओळखून ते असूयेने उघड करणे. पहिल्यात अविचार आहे, दुसऱ्यात असूया. उघड केलेली गोष्ट खरी असली, तरी दोष टळत नाही, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. साधूंसाठी सांगितलेल्या भाषा समितीचा आशयही हाच : वाणी हितकर, परिमित आणि निःसंदिग्ध असावी.

आज वहीची जागा संगणकाने घेतली आणि चाळीच्या मार्गिकेची जागा व्हॉट्सॲपच्या गटाने. बाजाराच्या गटात कोणाच्या थकबाकीचा उल्लेख करणे, सांत्वनाला गेले असता हिशेबाचा विषय काढणे, साखरपुड्यात मुलीच्या पूर्वी मोडलेल्या सोयरिकीची चौकशी करणे, ही सारी पाचपोच नसल्याची लक्षणे होत.

हा शब्द वापरतानाही तारतम्य हवे. चारचौघांत एखाद्याला ‘तुला पोच नाही’ असे सुनावणारा स्वतःच औचित्य सोडतो. वडीलधाऱ्यांच्या बाबतीत ‘तो विषय आत्ता नको’ एवढे हळूच म्हणणे पुरेसे असते. मुलांना आणि दुकानातल्या नव्या माणसाला मात्र चूक एकांतात, त्याच दिवशी, उदाहरणासह समजावून द्यावी. दुकानाची पत मालाच्या दर्जावर उभी राहते, तशीच ती गल्ल्यावरच्या जिभेवरही उभी असते.