एकर विकण्यापूर्वी मुलीचा नंबर पाहा

या उन्हाळ्यात मी एका वस्तीवर मातीचे नमुने घ्यायला गेलो होतो. नमुने पिशवीत भरले, चहा झाला, तेव्हा घरधनी हळूच म्हणाले, "साहेब, विहिरीकडचा एकर काढावा म्हणतो. पोरीला दहावीला 93 टक्के पडले. आता अकरावी झाली. बारावीला राजस्थानात कोट्याला ठेवली, तर डॉक्टर होईल ना?" मुलगी दाराआड उभी होती. तिची आई म्हणाली, "गेलेला एकर परत यायचा नाही. तेवढं ध्यानात ठेवून सांगा."

असा प्रश्न तुमच्याही घरात असेल, म्हणून त्यांना जे सांगितले तेच इथे लिहितो.

दहावीच्या टक्क्यांवर मेडिकलचा अंदाज बांधू नका. दहावीला पाच चांगले विषय धरून टक्के निघतात, कुणाला चित्रकलेचे किंवा खेळाचे गुण मिळतात. मेडिकलला फक्त नीट ही परीक्षा मोजतात. 2025 साली तिला 180 प्रश्न आणि 720 गुण होते. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात, चुकले तर एक कापला जातो.

दुसरा घोटाळा 'पात्र' या शब्दाचा. 2025 साली सुमारे 22 लाख मुले बसली आणि 12 लाखांवर पात्र ठरली. खुल्या प्रवर्गाला 144 गुण पुरले. पण एमबीबीएसच्या जागा देशभरात सव्वा लाखाच्या आसपास, आणि त्यातल्या निम्म्याच्या जवळपास खाजगी. तिथली फी एका एकरात भागत नाही. तेव्हा क्लासच्या जाहिरातीत 'आमची इतकी मुले पात्र' असे वाचले, तर शासकीय कॉलेजात किती लागली ते विचारा.

नुसत्या गुणांवरही जाऊ नका. 2024 च्या सुधारित निकालात 17 मुलांना 720 पैकी 720 होते. 2025 ला पेपर कठीण निघाला आणि देशात पहिला आलेला मुलगा 686 वर थांबला. म्हणून पाहायचा तो नंबर. राज्याच्या सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर निवड याद्या असतात. तुमच्या प्रवर्गात शासकीय कॉलेजची शेवटची जागा कितव्या नंबरला गेली, ते तीन वर्षांचे काढा. त्याच वर्षी परीक्षा दिलेल्या ओळखीच्या मुलांची गुणपत्रके पाहिली, तर त्या नंबराला साधारण किती गुण लागले तेही कळते.

मग त्याच वर्षाचा खरा पेपर मुलीला द्या. घड्याळ लावून, मोबाईल बाजूला ठेवून. असे तीन-चार पेपर झाले की सरासरी काढा. एकाच चांगल्या पेपरावर भिस्त ठेवणे म्हणजे उकिरड्याजवळची माती तपासायला पाठवण्यासारखे आहे. (तसे पाठवणारेही दरवर्षी भेटतात.)

या मुलीला मी 2025 च्या पेपरातले अकरावीच्या धड्यांवरचे 88 प्रश्न काढून दिले. 52 बरोबर, 30 चूक, 6 कोरे. म्हणजे 208 वजा 30, असे 352 पैकी 178. वडील गप्प झाले. मुलगीच म्हणाली, "चुकलेल्यातले वीस तरी मी नुसते ठोकले होते." ते सोडले असते तर 198 झाले असते. त्यानेही शासकीय कॉलेज लागत नाही, पण वर्ष हातात आहे.

कोट्याचे मात्र मी स्पष्ट नाही म्हटले. महाराष्ट्रातल्या शासकीय कॉलेजांच्या 85 टक्के जागा राज्याच्या कोट्यातून भरतात. त्यासाठी अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते. बारावीचा फॉर्म राजस्थानातून भरला की ही मोठी वाट बहुतेक बंदच. क्लासवाले हे आपणहून सांगतीलच असे नाही.

ठरले ते असे: मुलगी तालुक्याच्या कॉलेजातच राहील, दिवाळीनंतर पुन्हा तीन पेपर सोडवील, आणि एकराचे बोलणे तोवर काढायचे नाही. आपल्या एमएचटी-सीईटीचा फॉर्मही भरायचा, कारण शेतकीच्या पदवीला ती लागते. पशुवैद्यकीयला नीटचेच गुण चालतात. आईने तेवढ्यात विचारले, "जनावरांची डॉक्टर झाली तर काय वाईट?" त्यावर वडील काही बोलले नाहीत.

राखीव प्रवर्ग असेल तर जात वैधतेचा अर्ज बारावीत असतानाच कॉलेजमार्फत करा. निकालानंतर धावपळ करणारे पालक मी दर जूनमध्ये पाहतो.