जड इंधनाच्या वायूकरणाची संगणकीय प्रतिकृती

खनिज तेलाच्या परिष्करणानंतर उरणाऱ्या जड तेलाचे ऑक्सिजन व वाफ यांच्या साहाय्याने अंशतः ज्वलन केल्यास मुख्यत्वे कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन यांचे मिश्रण, म्हणजे संश्लेषण वायू, मिळतो. या क्रियेची समीकरणे संगणकावर सोडवून वायूचे संघटन व तापमान आधीच काढण्याच्या पद्धतीस ही संज्ञा लावतात. अमोनिया व मिथेनॉल यांच्या निर्मितीसाठी हा वायू लागतो. भारतात नंगल, पानिपत व भटिंडा येथील खत कारखाने अशा तेलावर चालत; २०१३ च्या सुमारास ते नैसर्गिक वायूवर चालू लागले.

विक्रियापात्रात उत्प्रेरक नसतो. आतील तापमान सु. १,२००° ते १,५००° से. असते व तेथे तापमापक फार काळ टिकत नाहीत. ऑक्सिजन थोडा जास्त झाला, तर उच्चतापसह विटांचे अस्तर झिजते; कमी पडला, तर काजळी वाढते. गणिताची गरज आहे ती यामुळेच.

सर्वांत सोपी प्रतिकृती रासायनिक समतोल गृहीत धरते. कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन, गंधक व नायट्रोजन यांच्या अणूंची संख्या कायम राहून मिश्रणाची मुक्त ऊर्जा किमान होईल असे संघटन शोधले जाते. ही रीत व्हाइट, जॉन्सन व डँट्झिग यांनी १९५८ मध्ये मांडली. तापमान मात्र आधी ठाऊक नसते. ते गृहीत धरून ऊष्मेचा ताळेबंद जुळेपर्यंत गणित पुनःपुन्हा करावे लागते. जड तेलाला निश्चित रासायनिक सूत्र नसल्याने त्यातील ऊर्जा ज्वलनाच्या ऊष्मामूल्यावरून घेतात. या मूल्यात एक टक्क्याची चूक झाली, तरी काढलेल्या तापमानात सु. ८०° से. इतका फरक पडतो.

कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन यांची प्रमाणे या रीतीने चांगली जुळतात. काजळीबाबत मात्र ती निरुपयोगी ठरते. समतोलानुसार पुरेसा ऑक्सिजन असता काजळी उरूच नये. प्रत्यक्षात फवाऱ्यातील थेंबांभोवती ऑक्सिजन अपुरा पडून तेलातील कार्बनाचा काही अंश काजळी होतो. मिथेनही समतोलापेक्षा अधिक सापडतो आणि चालक त्याच्या प्रमाणावरून आतील तापमानाचा अंदाज बांधतात. काजळीचे गणित करण्यासाठी थेंबांचे बाष्पीभवन, वायूंचे मिसळणे व विक्रियांचे वेग विचारात घ्यावे लागतात. अशा प्रतिकृतींतील वेगांक बहुधा प्रत्यक्ष कारखान्यातील मापनांशी जुळवून घेतलेले असतात. त्यामुळे वेगळ्या ज्वालकासाठी वा वेगळ्या तेलासाठी ते जसेच्या तसे वापरता येत नाहीत.