शाळा पारखून घ्या

बैल घेताना आपण दात बघतो, चाल बघतो. पोरांची शाळाही तशीच पारखावी.

सहावी ते आठवीसाठी जवळ दोन सरकारी शाळा असल्या, तर दोन्हीकडे जाऊन बघा. नुसत्या रंगाला भुलू नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे माप लावा. दर ३५ मुलांमागे एक शिक्षक आहे का? गणित-विज्ञान, इतिहास-भूगोल आणि भाषा यांना वेगवेगळे शिक्षक आहेत का? वर्षात २२० दिवस शाळा भरते का? मुलींना वेगळा संडास आहे का? तो नसला, की वयात आलेली पोर पुष्कळदा घरीच बसते. तिचे शिकणे तिथेच संपते.

उणे दिसले तर गप्प बसू नका. शाळा व्यवस्थापन समितीत शंभरात पंचाहत्तर पालकच असतात. तिथे बोला.