भिवपुरीचं पाणी, मुरमाची वाट

जानेवारी २०२६मध्ये पुण्यात ग्रँड टूर ही सायकल शर्यत झाली, तेव्हा तिची निम्मी चर्चा डांबराचीच होती. चार टप्पे, ४३७ किलोमीटर, आणि जगभरातून आलेल्या सायकलपटूंच्या बारीक टायरांसाठी गुळगुळीत केलेले रस्ते. शर्यत आपल्या दारावरून गेली असती तर आपलेही खड्डे बुजले असते, अशी हळहळ त्या काळात पुष्कळ ऐकू आली. घाट उतरून खाली आलं की कर्जत-खालापुरात मात्र शनिवार-रविवारी वेगळीच मंडळी दिसतात. त्यांना डांबर नकोच आहे. डांबर संपतं तिथून त्यांची फेरी सुरू होते.

ही मंडळी चालवतात त्या ग्रॅव्हल बाइकची ओळख करून देण्यात जागा घालवत नाही. वाकड्या हँडलची, चाळीसेक मिलिमीटर रुंद टायरची, हवा जरा कमी ठेवून चालवायची सायकल, एवढं पुरे. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात २००६ साली सुरू झालेल्या आणि आता ‘अनबाउंड’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दोनशे मैलांच्या शर्यतीने या प्रकाराला नाव मिळवून दिलं. २०२२पासून त्याची जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही भरते. कॅन्ससमध्ये चकमकीचे दगड टायर फाडतात. आपल्याकडे मुरूम. काळ्या दगडाची झीज होऊन झालेला हा मुरूम पाणी धरून ठेवत नाही, त्यामुळे पावसाळा सरून थोडी उन्हं लागली की वाट पक्की होते. चाक चुकून बाजूच्या खाचरात उतरलं, तर मात्र भातजमिनीची चिकण माती ब्रेकपासून गिअरपर्यंत सगळं लिंपून टाकते, आणि मग काठी घेऊन ती खरवडत बसावं लागतं.

आता गंमत अशी की, हा चिखल फेब्रुवारी-मार्चातही भेटतो. कोकणातलं भात पावसाचं. दिवाळीला कापणी झाली की एरवी शेतं उघडी पडतात. मग कर्जतच्या आसपास ऐन उन्हाळ्यात खाचरं तुडुंब कशी? बगळे कसे, टिटव्या कशा? मैलभर पाणथळ आणि तिच्या मधोमध कोरडी, उंच, मुरमाची सलग वाट, हे दृश्य हॉलंडमध्ये शोभेल. ते इथे कुठून आलं, याचं उत्तर भिवपुरीत आहे. भिवपुरी रोड स्टेशनवर नव्हे. लोकलमधून तिथे उतरणाऱ्याला धबधबा सापडतो, पण भिवपुरी गाव आणि वीजघर तिथून बरंच पूर्वेला, सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे.

मावळात आंध्रा नदीवर ठोकरवाडीचं धरण आहे. आंध्रा इंद्रायणीला मिळते, इंद्रायणी भीमेला, भीमा कृष्णेला. म्हणजे हे पाणी न्यायाने आळंदीवरून बंगालच्या उपसागराला जायचं. टाटांनी ते डोंगरातून बोगद्याने पश्चिमेला वळवलं, प्रचंड नळांतून कड्याखाली सोडलं आणि १९२२मध्ये भिवपुरीचं वीजघर सुरू केलं. खोपोलीचं त्याआधी, १९१५चं. भिवपुरीची क्षमता आज ७५ मेगावॉटच्या घरात, म्हणजे आताच्या हिशेबात किरकोळच. पण वीज तयार करून झाल्यावर पाणी काही संपत नाही. जनित्रं फिरवून ते बाहेर पडतं आणि पेज नदीला, तिथून उल्हासला जातं. त्यातलंच काही राजनाला या कालव्यातून शेतांत फिरतं. कर्जत तालुक्यातलं उन्हाळी भात यावर उभं आहे. भाताची ‘कर्जत’ नावाची वाणं जिथे निघाली, ते कृषी संशोधन केंद्रही याच तालुक्यात आहे. आणि ग्रॅव्हलवाले ज्या वाटेवर खूश होतात, ती बहुतेक ठिकाणी या कालव्याच्या देखभालीसाठी ठेवलेली वाट. सायकलसाठी ती कोणी केलेली नाही, म्हणूनच ती चांगली आहे.

जलविद्युत हवी तेव्हा चालू करता येते आणि हवी तेव्हा बंद. मुंबईत संध्याकाळी दिवे लागतात, विजेची मागणी चढते, तेव्हा अशा वीजघरांचा खरा उपयोग. शंभर वर्षं या खोऱ्याचं पाणी मुंबईच्या बटणांशी जोडलेलं आहे. शहरी सायकलस्वार ज्याला अस्सल निसर्ग समजून फोटो काढतो, तो निसर्ग बराचसा विजेच्या बिलातून आलेला आहे. यात कमीपणा काही नाही, पण हे ठाऊक असलेलं बरं.

कारण आता हे गणित बदलणार आहे. ऑगस्ट २०२३मध्ये टाटा पॉवरने राज्य सरकारशी जो करार केला, त्यात भिवपुरीला १००० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प आहे. शिरवट्याचा त्याहून मोठा, १८०० मेगावॉटचा. उदंचन म्हणजे स्वस्त विजेच्या वेळी पाणी वर चढवायचं आणि महाग विजेच्या वेळी खाली सोडायचं. तेच पाणी पुन्हा पुन्हा. सौर वीज वाढली की अशा साठ्याची गरज भासतेच, त्यामुळे प्रकल्पाला नाक मुरडण्यात अर्थ नाही. पण वर-खाली फिरणाऱ्या पाण्यातून कालव्याला किती आणि कधी सुटणार, हा प्रश्न उन्हाळी भात लावणाऱ्याने विचारायचा नाही तर कोणी? उल्हासच्या पाण्यावर बदलापूरपासून खाली कितीतरी शहरं तहान भागवतात. टाटांच्या धरणांचं पाणी परत पूर्वेला द्या, ही भीमा खोऱ्याची मागणीही जुनी आहे. या ओढाताणीत राजनाल्याच्या शेतकऱ्याचा आवाज सगळ्यात बारीक. माझं म्हणणं एवढंच की, पाण्याचं वेळापत्रक लेखी आणि जाहीर असावं. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावं.

या पाण्याइतकाच विजेच्या तारांचाही इतिहास आहे, आणि तो इथल्या फेरीत बहुतेकांच्या डोक्यावरून जातो, शब्दशः. १९४२ साली माथेरानच्या विठ्ठल लक्ष्मण कोतवालांनी, भाई कोतवालांनी, आझाद दस्ता उभारला. माणूस वकील. त्याआधी सावकाराच्या पाशातून शेतकरी सुटावा म्हणून धान्यकोठ्या काढणारा, गावोगाव शाळा चालवणारा. दस्त्याने ठरवलं ते असं: मुंबईचे कारखाने ज्या विजेवर चालतात, तिचे मनोरेच पाडायचे. घाटाखालच्या वीजघरांकडून मुंबईला जाणाऱ्या तारा त्यांच्या टप्प्यात होत्या. रात्री रानातून जायचं, करवतीने मनोऱ्यांचे पाय कापायचे. एकामागून एक मनोरे आडवे झाले. सरकारने इनाम लावलं, फितुरी झाली, आणि २ जानेवारी १९४३ला मुरबाडकडच्या सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील मारले गेले. ज्या वाटांनी ते आणि त्यांची माणसं हिंडली, त्या वाटा म्हणजे हीच पायथ्याची रानं. किल्ले दाखवणारे नकाशे ढिगाने मिळतात. या मनोऱ्यांचा नकाशा करायला हवा. सायकल क्लबांनी जर्सी छापण्याआधी तो छापावा.

वाटेत पाहण्यासारखं बाकीचं थोडक्यात. कोंडिवड्याहून राजमाचीच्या पायथ्याला कोंडाणे लेणी आहेत, दोन हजार वर्षांपूर्वीची. तिथे ब्राह्मी लेखात कण्हाचा शिष्य बलक याने आपलं नाव कोरून ठेवलं आहे. लेण्यांपर्यंत सायकल नेण्याचा हट्ट धरू नये, चालत जावं. खालापूरकडे चावणीजवळ उंबरखिंड. २ फेब्रुवारी १६६१ला शिवाजी महाराजांनी कारतलबखानाची फौज या चिंचोळ्या खिंडीत अडवली आणि खानाला शरण यायला लावलं. पलसदरी ते खोपोली पट्टा बोरघाटाच्या पायथ्याशी येणाऱ्या जुन्या रेल्वेचा. घाटातली रेल्वे १८६३ची.

आता वाटांबद्दल. कर्जत तालुक्यात फार्महाउसं वाढली, तशी कुंपणंही वाढली. काल चालू असलेली पाणंद आज फाटकापाशी संपते, आणि फाटकावर कुत्र्यापासून सावध राहण्याची पाटी. शेतकऱ्याची वहिवाट अडवली तर तहसीलदाराकडे दाद मागता येते: मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६चं कलम ५ त्यासाठीच आहे, आणि जमीन महसूल संहितेचं कलम १४३ बांधावरून रस्ता देतं. हा हक्क शेतकऱ्याचा, सायकलवाल्याचा नव्हे. पण शेतकऱ्याची वाट मोकळी राहिली तरच सायकलची राहणार.

आणि डांबराचं काय? वाडीला पक्का रस्ता हवा, यावर वाद घालू नये. शहरातून आलेल्या कुणाला खडबडीत रस्ता आवडतो म्हणून बाळंतिणीला झोळीत घालून न्यावं, ही अपेक्षा निलाजरी आहे. वस्त्यांचे रस्ते पक्के व्हावेत. कालव्याची वाट मात्र आहे तशीच राहू द्यावी. मला भीती सरकारी कौतुकाची आहे. पर्यटनाचा निधी आला की पेव्हर ब्लॉक येतात, मग कमान, मग सेल्फी पॉइंट, आणि दोन पावसाळ्यांनी ब्लॉक उखडतात.

फिरायला येणाऱ्यांसाठी चार गोष्टी. जून ते सप्टेंबर सायकल घरी ठेवा. वाट चिखलात जाते आणि डोंगराचा भरवसा नसतो. १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूरच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली, ते सगळ्यांना आठवत असेल. भाताच्या बांधावर चाक घालू नका, बांध खचला तर वरच्या खाचराचं पाणी खालच्यात जातं आणि लावणी बसते. कालव्याला पाणी असेल तेव्हा काठाशी खेळू नका, काठ निसरडा असतो. आणि डबा घरून आणण्यापेक्षा जेवण गावातच सांगा, आदल्या दिवशी फोन करून. ऐनवेळी दहा माणसांचं जेवण मागितलं तर नाचणीची भाकरी मिळणार नाही, मॅगी मिळेल.