काळे टी-शर्ट, सुरत ते महालक्ष्मी

सुरत स्टेशन. पहाटेचे पाच. फ्लाइंग रानी फलाटाला लागली आहे आणि जनरलच्या दाराशी झुंबड उडाली आहे. रोजचे अपडाउनवाले खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात. त्या गर्दीत पाच-सहा काळे टी-शर्ट. पोरं लिंबायत-डिंडोलीची, घरं मूळची धुळे-नंदुरबारकडची.

"कथा जाई राह्यना रे भो?" ओळखीचे एक काका विचारतात.

"मुंबईले. गाना ऐकाले."

काका छातीवरच्या कवटीकडे बघतात. पुढचं काही विचारत नाहीत.

वापी गेल्यावर ठेपल्यांचा डबा उघडतो. मुंबईपर्यंत 263 किलोमीटर, त्यातलं निम्मं उभ्यानं. शेजारचे गृहस्थ अजून 2023 साली काढलेल्या डबल डेकर डब्यांसाठी हळहळतायत. पोरांच्या कानात इअरफोन आहेत. एकाचा उजवा पाय सीटखाली सतत हलतोय, डबल बेसच्या ठेक्यावर.

दुपारी महालक्ष्मी रेसकोर्स. 1883 पासून इथे घोडे धावतात. आज गेटबाहेर माणसांची रांग वळणं घेत गेली आहे. जानेवारी असूनही ऊन पाठ भाजून काढतं, आणि काळ्या कापडाला त्याचं विशेष प्रेम. पाण्याची बाटली, पॉवर बँक, खिळ्यांचा पट्टा, सगळं गेटवर काढून घेतात. एकवीस पूर्ण असलेल्यांच्या मनगटाला बिअरचा पट्टा बांधतात. गुजरातमधून आलेली मंडळी तो हात जरा उंचच धरून चालतात.

आत नुसतं थांबणं. धूळ, पोर्टेबल संडासांचा वास, पंधरा मिनिटांची पाण्याची रांग. माझ्यापुढे पन्नाशीचा एक माणूस उभा आहे. टी-शर्ट विटून करडा झालाय, पण अक्षरं लागतात: आयर्न मेडन, बंगळूर, 2007. पोरं त्याला वाट करून देतात. तेव्हा ती बालवाडीतही नव्हती.

स्टेजवर कुणीतरी ड्रमवर एकच ठोका देतं. साउंडचेक. तो ठोका कानाआधी बरगडीत पोचतो.

"हे काहीच नाही," पाय हलवणारा पोरगा ओरडून सांगतो. त्याचे वडील लूम चालवतात, तोही चालवतो. बारा तासांची पाळी, आणि संचाखात्यात आवाज नव्वद डेसिबलच्या खाली येत नाही. बर्मिंगहॅममधली ती गोष्ट त्याला पाठ आहे: पत्र्याच्या कारखान्यात बोटांची टोकं गेलेला पोरगा, त्यानं प्लास्टिक वितळवून केलेल्या टोप्या, बोटांना झेपावं म्हणून सैल केलेल्या तारा, आणि त्यातून 1971 साली रेकॉर्डवर आलेला तो जड, खालचा सूर. सांगताना तो स्वतःच्या अंगठ्यावरचा व्रण चोळत असतो. आज मात्र त्यानं कानात कापसाचे बोळे घातलेत. कारखान्यात घालत नाही.

अंधार पडतो. दिवे जातात. पहिला रिफ सुटतो आणि सगळं मैदान पुढे कलतं.

मध्येच गर्दी फाकते, गोल होतो. मॉश पिट. पोरं खांद्यानं खांदा धडकवत गोल पळतात. लांबून हाणामारी वाटते. एक जण पडतो. चार हात त्याच क्षणी खाली जातात, तो उभा राहतो. कुणीतरी एक बूट डोक्यावर धरून फिरवतंय. एका पायानं लंगडत मालक येतो, बूट घालतो, पुन्हा आत घुसतो. पन्नाशीचे गृहस्थ कडेला उभे राहून चष्मा खिशात ठेवतात. मग तेही आत.

रात्रीचे दहा. उघड्यावरच्या लाउडस्पीकरला कायद्यानं एवढीच मुभा. शेवटची तार घुमते न घुमते तोच फ्लडलाइट लागतात. पायाखाली चुरगळलेले ग्लास.

बाहेर सगळेच ओरडून बोलतायत, कुणालाच ऐकू येत नाही. फुटपाथवर कवट्यांचे काळे रुमाल मांडलेत. दीडशेला एक. लूमवाला पोरगा एक उचलतो, दोन बोटांत चोळतो, दिव्यासमोर ताणतो.

"पॉलिस्टर. हे कापड आमच्या सुरतेचं आहे, भाऊ. मीटरला काय पडतं सांगू?"

"नको सांगू," विक्रेता म्हणतो. "शंभरला दोन घे आणि गाडी पकड."