न्हाणीघराचा झरोका

मैत्रिणींनो, थंडी पडली की आपण रजया उन्हात घालतो आणि न्हाणीघराच्या झरोक्याला काहीतरी लावून टाकतो. गेल्या डिसेंबरात मीही तेच केलं. मुलं कुडकुडतात म्हणून जुना पुठ्ठा कापला, चारी बाजूंनी चिकटपट्टी मारली आणि वर स्वतःच्या हुशारीवर खूशही झाले.

दोन-तीन दिवसांनी आमची सातवीतली लेक आंघोळ करून आली ती डोकं धरूनच. "आई, गरगरतंय. मळमळतंय." उपाशीपोटी न्हायली, पित्त झालं असेल, असं म्हणून मी कोकमाचं सरबत दिलं. गॅलरीत बसल्यावर तिला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, पुन्हा सरबत! मग आला रविवार, म्हणजे केस धुवायचा दिवस. बराच वेळ पाणी वाहत होतं. आतून तांब्या पडल्याचा आवाज आला आणि नंतर काहीच नाही. हाका मारल्या तरी उत्तर नाही. कडी तकलादू होती म्हणून बरं, यांनी खांद्याने दार ढकललं आणि तिला उचलून गच्चीत नेलं. तिने डोळे उघडेपर्यंतचा वेळ मला अजून आठवतो.

दवाखान्यात तिला तोंडावर मास्क लावून ऑक्सिजन दिला. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "गॅसचा गीझर न्हाणीघरातच आहे का? खिडकी बंद होती?" मी हो म्हटलं. पुठ्ठा मीच लावला होता, हे मात्र घरात दोन दिवस बोलले नाही.

मी आठवड्यातून तीन दिवस शाळेत मराठी शिकवते. बी. ए. झालेली, शास्त्राशी माझा संबंध मॅट्रिकपुरताच. पण आपल्या मुलीला जे कळलं नाही ते वर्गातल्या मुलींना तरी कुठून कळणार? म्हणून शास्त्राच्या बाईंकडून नीट समजून घेतलं आणि नववीचा एक तास मागून घेतला.

मुलांना "धोका आहे, सांभाळा" असं सांगून काही उपयोग नसतो, हे तुम्हालाही ठाऊक आहे. मी विचारलं, भांड्याचं बूड काळं कधी पडतं? "ज्योत पिवळी झाली की!" मुलींनीच सांगितलं. म्हणजे इंधनाला पुरेशी हवा मिळत नाही, ते अर्धवट जळतं. अशा अर्धवट जळण्यातूनच कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. काजळी निदान दिसते तरी. या वायूला ना रंग, ना वास.

"पण बाई, गॅसचा तर वास येतो!" एक मुलगा म्हणाला. प्रश्न चांगला होता. सिलिंडरमधल्या गॅसला गळती कळावी म्हणून मुद्दाम वास घातलेला असतो. जळल्यावर तो वास राहत नाही, आणि हा वायू तर जळण्यातूनच निर्माण होतो. म्हणून नाकावर भरवसा ठेवायचा नाही.

रक्तातला लाल पदार्थ, हिमोग्लोबिन, ऑक्सिजनपेक्षा या वायूला दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरून ठेवतो. बसमधल्या जागा भलत्याच लोकांनी अडवल्यावर आपण जसे खाली उभे राहतो, तशी ऑक्सिजनची गत होते. कोरोनापासून घरोघरी आलेलं बोटाला लावायचं ते यंत्रही इथे फसतं; त्याला दोघांतला फरक कळत नाही आणि आकडा चांगलाच दाखवतं.

पक्ष्यांची गोष्ट मात्र मुलांना सर्वांत आवडली. इंग्लंडातल्या कोळशाच्या खाणींत पिंजऱ्यातली कॅनरी नेत असत. माणसाच्या आधी तिला त्रास होई, की कामगार बाहेर पळत. 1986 साली तिथे कॅनरीऐवजी यंत्रं आणायचं ठरलं. तसं छोटं, भिंतीवर लावायचं यंत्र आता घरासाठीही मिळतं.

मग मी त्यांना नेपाळमधल्या दामनची बातमी सांगितली. 2020 च्या जानेवारीत केरळातून सहलीला गेलेली दोन कुटुंबं हॉटेलातल्या बंद खोलीत गॅसचा हीटर लावून झोपली. आठ जण दगावले, त्यांत चार मुलं होती. वर्गात कुणी बोललं नाही.

मुलांकडून मी चार गोष्टी पाठ करून घेतल्या नाहीत, करूनच दाखवायला लावल्या. गरम पाणी बादलीत भरून घ्यायचं, गीझर बंद करायचा, मगच आत जायचं. एकामागून एक आंघोळी करायच्या नाहीत, मधे दार उघडं टाकायचं. घरातल्या दोघा-तिघांचं डोकं एकाच वेळी दुखू लागलं आणि बाहेर गेल्यावर थांबलं, तर पित्त समजायचं नाही. कुणी पडलेलं दिसलं तर आधी मोठ्यांना हाक मारून दारं-खिडक्या उघडायच्या, माणसाला मोकळ्या हवेत आणायचं आणि 108 ला फोन लावायचा. तोंडाला ओला रुमाल बांधून काही होत नाही. आणि मैत्रिणींनो, गीझर मुळात न्हाणीघराबाहेरच बसवून घ्या. आम्ही नंतर घेतला.

तास संपल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी थांबली. घरी बाळंतीण होती, तिची मावशी. आजी रोज रात्री शेक-शेगडी आत ठेवून खोली बंद करत असे. "पण बाई, आजी धूर गेल्यावरच आत आणते." हेच तर! धूर गेला, निखारे लाल फुलले की आपण निर्धास्त होतो, पण तेच निखारे हा वायू सोडत असतात. "आमच्या वेळी कुणाला काही झालं नाही," हेही आजी म्हणणारच. त्यांच्या वेळी घर कौलारू होतं, फटींतून वारा खेळायचा. आता फ्लॅट, सरकत्या काचांच्या खिडक्या आणि त्यावर जाड पडदा.

आठवड्याने ती मुलगी पुन्हा भेटली. आजी दोन दिवस रुसली होती म्हणे. शेवटी तडजोड झाली. शेक आता दुपारी, खिडकी उघडी ठेवून; शेकून झालं की शेगडी गॅलरीत. रात्री बाळंतिणीला दुपटी आणि घोंगडी. "आणि आजी आता मलाच रोज विचारते, उघडलीस का गं खिडकी?"